दिवाळीनंतरची धिंगरी: दोन पॅनेलांवर चालणारी अळिंबीची खोली

परतीचा पाऊस उघडला, ज्वारीची पेरणी उरकली, की सोलापूर जिल्ह्यात धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावायचे दिवस येतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत धिंगरीला लागणारं २० ते ३० अंश तापमान आपल्याकडे बऱ्यापैकी आयतं मिळतं. मिळत नाही तो ओलावा. आपली हिवाळी हवा कोरडी, आणि फळ धरताना या पिकाला ८० ते ८५ टक्के आर्द्रता हवी. म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फॉगर आला, फॉगरला पंप आला आणि पंपाला वीज. वस्तीवरची लाईट ऐन दुपारी चार तास गेली तर टाचणीच्या डोक्याएवढे कोंब त्याच दुपारी वाळतात. म्हणून या खोलीपुरती छोटी सौर जोडणी स्वतः करून घ्यावी. ती अवघड नाही, फक्त हिशेब आधी आणि खरेदी नंतर.

त्याआधी एक स्पष्ट मत. खोलीत एलईडी लावून पालेभाजी नाहीतर रोपं वाढवायची आणि ते दिवे सोलरवर चालवायचे, अशी टूम सध्या दिसते. पॅनेल उन्हाच्या साधारण पाचव्या हिश्श्याची वीज करतं. चांगला एलईडी त्या विजेतल्या निम्म्याच्या आसपास उजेड देतो. मधे बॅटरी आणि वायर आपापला वाटा खातात. छपरावर पडलेल्या उन्हातला दहावा हिस्साही पानापर्यंत पोचत नाही. ज्या गावात ऊन अडवायला शेडनेट विकत घ्यावं लागतं, तिथे हा खटाटोप कशाला? मिरची-टोमॅटोची रोपं शेडनेटमध्येच करा. सौर वीज वापरा ती ओलावा आणि खेळती हवा देण्यासाठी. धिंगरीला उजेड लागतो तो वर्तमानपत्र वाचता येईल एवढाच, तोही दिवसातले काही तास.

आधी वॉट, मग तास

दहा बाय बारा फुटांची खोली धरू. बॅटरीवरच्या फवारणी पंपात असतो तसा, पण जरा मोठा, ६० वॉटचा १२ व्होल्ट डायफ्रॅम पंप फॉगरला पुरतो. टायमर लावून दिवसा दर दहा मिनिटांनी एक मिनिट आणि रात्री त्याहून कमी चालवला, तरी चोवीस तासांत एकूण दोन तासांच्या वर जात नाही. झाले १२० वॉट-तास. २५ वॉटचा १२ व्होल्ट एक्झॉस्ट पंखा थांबून थांबून आठ तास म्हणजे २००. दहा वॉटचा दिवा चार तास म्हणजे ४०. एकूण ३६०.

आता पुरवठा. हिवाळ्यात स्वच्छ दिवशी पूर्ण ताकदीचं ऊन पाच तास धरा. धूळ, उष्णता, बॅटरी यांची घट वजा केली की १०० वॉटच्या पॅनेलमधून दिवसाला ३५० वॉट-तासांच्या आसपास हाती येतात. कागदावर एका पॅनेलवर भागतंय असं वाटेल, पण डिसेंबरात दोन दिवस ढग राहिले की पंचाईत. १०० वॉटची दोन पॅनेलं घ्या. त्यांना २० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर बसतो, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा. बॅटरी ट्यूब्युलर (पाणी घालायची शिसे-आम्लाची) घेतलीत तर १२ व्होल्ट ७५ अँपिअर-तासांची, आणि तिची निम्मीच ताकद वापरायची. लिथियम फॉस्फेटची घेतलीत तर ५० अँपिअर-तासांत काम होतं, मात्र कंट्रोलरवर त्या बॅटरीची सेटिंग असली पाहिजे.

इन्व्हर्टर घेऊ नका. दुकानदार हमखास सुचवेल. पण छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी दहा ते वीस वॉट घेतो, म्हणजे चोवीस तासांत २४० ते ४८० वॉट-तास. खोलीचा सगळा खर्च ३६० असताना हा एकटाच जेवून जाणार. पंप, पंखा, दिवा सगळं १२ व्होल्ट डीसीच घ्या.

स्वस्तात मिळतंय म्हणून ५४० वॉटचं मोठं पॅनेल उचलणाऱ्यांनी एक बघावं. वीज देत असतानाचा त्याचा व्होल्टेज चाळीसच्या वर असतो. साध्या, जादा व्होल्टेज वाया घालवणाऱ्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून ते १२ व्होल्ट बॅटरीला जोडलं तर मिळतात जेमतेम १७०-१८० वॉट, आणि कंट्रोलर तेवढा व्होल्टेज झेलणारा नसेल तर तो जळतोही. असं पॅनेल घ्यायचं तर त्याला पेलेल असा, जादा व्होल्टेजही कामी लावणारा एमपीपीटी कंट्रोलर हवा, आणि मग स्वस्ताई राहत नाही. जुनं पॅनेल घेताना मल्टीमीटर घेऊन जा, भर दुपारी उघड्या टोकांचा व्होल्टेज आणि शॉर्ट करंट मोजा, मागच्या लेबलशी ताडून बघा. सुटे सेल आणून घरी पॅनेल जोडायचा नाद मात्र नको. एका पावसाळ्यात ओल शिरते.

पाणी तापवणं, खोली ऊबदार ठेवणं ही कामं या जोडणीवर टाकायची नाहीत. ज्यावर अळिंबी वाढते ते काड (भुसकट) निर्जंतुक करायला १०० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर न्यायचं तर सुमारे साडेसहा युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास) लागतात, म्हणजे आपल्या खोलीची अठरा दिवसांची वीज. ते काम चुलीचं. रात्री गारठा वाढला तर दारा-खिडक्यांना गोणपाट लावा.

बसवताना

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून. नोव्हेंबरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली आपल्याकडे नेमकी उत्तरेला पडते, होकायंत्र नको. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, त्यामुळे बारमाही पॅनेलला तेवढाच कल पुरतो. पण आपला हंगाम हिवाळ्याचा, तेव्हा ३० अंश द्या. मापायची सोपी रीत म्हणजे पॅनेल जितकं लांब, त्याच्या निम्म्याने मागची बाजू उचलायची. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारीही जवळपास नऊ फूट पडते, सकाळी त्याहून लांब. मे महिन्यात उन्हात दिसणारी जागा डिसेंबरात लिंबाच्या सावलीत गेलेली असते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज निम्म्याने पडू शकते.

१२ व्होल्टवर करंट मोठा असतो, म्हणून वायर जाड लागते. ६० वॉटच्या पंपाला पाच अँपिअर जातात. बॅटरीपासून पंप दहा मीटरवर असेल तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो, चारच्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून कमी. घरातल्या बल्बची उरलेली वायर इथे चालणार नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकालगत फ्यूज लावाच. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरी आणि कंट्रोलर फॉगरच्या खोलीत ठेवू नका, बाहेर हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिच्याजवळ बिडी-काडी नको.

ज्यांच्या घरावर पीएम सूर्यघर योजनेचं सोलर बसलंय, त्यांना वाटतं की आता लाईट गेली तरी चिंता नाही. ते सोलर ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं असेल आणि सोबत बॅटरी नसेल, तर लाईट गेली की तेही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे. सौर कृषी पंपाच्या पॅनेलमधून चोरून लाईन घेण्याचा विचारही नको. काही पंपांच्या पॅनेल-रांगेत शेकडो व्होल्ट डीसी खेळत असतात, आणि छेडछाड केली की हमीही जाते.

पिशव्या भरण्याची वेळ

सोयाबीनचं भुसकट आत्ता खळ्यावर पडलेलंच आहे, तेच वापरा. कडबा जनावरांना राहू द्या. भुसकट कोरडं, बुरशी न आलेलं हवं. रात्रभर भिजवून, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून, निथळून गार करायचं. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये, हात मात्र ओला व्हावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरताना ओल्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्पॉन (अळिंबीचं बियाणं) थराथराने घाला. स्पॉनसाठी सोलापूर किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात आधी चौकशी करून नोंदणी करा. दिवाळीनंतर मागणी वाढते.

पहिले पंधरा ते वीस दिवस पिशव्या अंधारात, बंद. या काळात विजेचं काम जवळपास नाहीच. हेच दिवस सौर जोडणी पारखायला वापरा: फॉगर रिकाम्या खोलीत चालवा, पहाटे बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहा. अळिंबीच्या धाग्यांनी पिशवी पांढरी झाली की प्लॅस्टिक काढायचं आणि खरा हंगाम सुरू. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. फॉगरचं धुकं खोलीत पसरावं, पिशवीवर थेंब साचू नयेत; साचले तर फळं पिवळी पडून सडतात. देठ लांब आणि छत्री बारीक येत असेल तर पाणी वाढवू नका, पंखा वाढवा. ते कोंडलेल्या हवेचं लक्षण आहे. आर्द्रता बघून आपोआप चालणारे कंट्रोलर मिळतात, पण ओल्या हवेत स्वस्त सेन्सर लवकर दगा देतात. साधा टायमर आणि भिंतीवर एक आर्द्रतामापक, एवढं बास. काढणीच्या वेळी तोंडाला मास्क बांधा, धिंगरीच्या बीजाणूंनी अनेकांना खोकला लागतो.

आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन तोडे मिळतात. एक किलो कोरड्या भुसकटाला मिळून अर्धा ते पाऊण किलो माल धरून चला. त्याहून जास्त सांगणाऱ्याला त्याची वही दाखवायला सांगा. ताजा माल दोन दिवसांत मान टाकतो, म्हणून गिऱ्हाईक आधी ठरवा. उरलेला स्वच्छ कापडावर उन्हात वाळवा, दहा किलोचा एक किलो होतो.

रोजच्या देखभालीत दोन गोष्टी आपल्या भागाच्या खास. उसाचं गाळप सुरू झालं की पाचट जाळल्याची काजळी आणि चिमणीची राख पॅनेलवर बसते. आठवड्यातून एकदा, जिथे जास्त पडते तिथे दोनदा, पहाटे पॅनेल गार असताना पुसा. आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी. पॅनेलवर वाळलं तर पांढरे डाग धरतं, फॉगरच्या नोझलमध्ये गेलं तर आठ दिवसांत छिद्र बुजतं. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावा, जमेल तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, आणि बुजलेले नोझल रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका. तारेने टोकरू नका, छिद्र मोठं होऊन धुक्याऐवजी धार पडते.

फेब्रुवारी संपताना शेवटचा तोडा घेऊन खोली रिकामी करा. पुढे पारा पस्तिशी ओलांडतो, तेव्हा धिंगरीच्या मागे लागून पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात. वापरलेलं भुसकट कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. पॅनेलचा कल उतरवून पंधरा अंशांच्या आसपास आणा, वळवाच्या वाऱ्याआधी नटबोल्ट आवळा. पंप आणि टायमर तसेच ठेवून ट्रेमध्ये मक्याचा हिरवा चारा करता येतो, मात्र त्याच्या वाढलेल्या वजनात बहुतेक पाणीच असतं हे धरून गाईच्या पेंडीचा हिशेब लावा. काहीच करणार नसाल तरी बॅटरी पॅनेलला जोडलेलीच राहू द्या आणि ट्यूब्युलर असेल तर महिन्यातून एकदा डिस्टिल्ड पाण्याची पातळी बघत जा.