‘तुम्ही कॅथलिक की ख्रिश्चन?’ या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं

मी वसईत धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराची) तयारी करणारी मुलं कॉलेजात, लोकलमध्ये ऐकलेला हा प्रश्न हमखास घेऊन येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी सरळ उत्तर द्या: कॅथलिक म्हणजे ख्रिस्तीच. जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी जवळपास निम्मे कॅथलिक आहेत. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहा; पंथ विचारला असेल तरच ‘रोमन कॅथलिक’.

मग विचारणारा कोण आहे ते पाहा. हिंदू शेजाऱ्याला बहुधा एवढं पुरतं. पण एखाद्या प्रॉटेस्टंट प्रार्थनागटातला मित्र विचारत असेल, तर त्याचा रोख वेगळा असतो: तुम्ही येशूच्या आईची, मारियेची, भक्ती करता, पुतळ्यांपुढे मेणबत्त्या लावता, मग ख्रिस्ती कसे? इथे १०५४ ची पूर्व-पश्चिम चर्चमधली फूट किंवा १५१७ मध्ये प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर काढू नका. कोण जुनं या वादात येशू बाजूलाच राहतो.

त्यापेक्षा बाप्तिस्म्याबद्दल बोला. पाण्याने आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं, मग तो प्रॉटेस्टंट पाळकाने दिलेला का असेना. असा माणूस कॅथलिक झाला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. लूथरन आणि अँग्लिकन या पंथांचे लोकही आपला बाप्तिस्मा मानतात. बॅप्टिस्ट आणि बरेच पेंटेकॉस्टल पंथीय मानत नाहीत, कारण तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माच त्यांना मंजूर नाही. म्हणून कुणी पुन्हा पाण्यात उतरायचा आग्रह केला, तर नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. बाप्तिस्मा एकदाच होतो.

मग रविवारच्या मिस्सेत उभं राहून आपण जो विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो, तो त्या मित्रासमोर वाचा. ३२५ मध्ये नायसिया इथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे तो ठरला. एकच देव, येशू खरा देव आणि खरा माणूस, त्याचं मरण, पुनरुत्थान. यातलं कोणतं वाक्य तुला अमान्य आहे, असं मनापासून विचारा. माझ्या मते ख्रिस्ती कोण, हे इथेच ठरतं. यहोवाचे साक्षीदार स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत. त्यामुळे त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च धरत नाही. त्यांच्या चांगुलपणाचा इथे प्रश्न नाही, हेही लक्षात ठेवा.

मारियेचा विषय निघेलच. ‘नमो मारिया’ ही प्रार्थना शेवटपर्यंत म्हणून दाखवा. त्यात आपण तिला आपल्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगतो. आराधना फक्त देवाची, प्रतिमांना केवळ आदर, हे ७८७ च्या धर्मपरिषदेतच ठरलं आहे. तरी मित्राला पटेलच असं नाही. त्याला मात्र ‘तू खरा ख्रिस्ती नाहीस’ असं चुकूनही म्हणू नका; १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, बाप्तिस्मा झालेल्या अशा इतर ख्रिस्ती लोकांना प्रभूमधले बंधू म्हटलं आहे.

लग्न ठरत असेल तर हा फरक कागदावरही येतो. जोडीदार बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट असेल तर बिशपांची परवानगी लागते. बाप्तिस्माच नसेल तर विशेष सूट घ्यावी लागते. त्यामुळे फादरांना भेटायला जाताना त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला सोबत न्या.