बेलर घेताना आधी गाठ तपासा

दहा जनावरांसाठी बेलर, म्हणजे काड-वैरणीचे गठ्ठे बांधणारं यंत्र, विकत घेऊ नका. जनावरामागे रोज सहा किलो कोरडी वैरण धरली तर वर्षाला 22 टन लागते, म्हणजे 20 किलोचे अकराशे गठ्ठे. यंत्राला हे तीन-चार दिवसांचं काम. मग वर्षभर बेलर शेडमध्ये उभा आणि हप्ते चालू. गावात भाड्याची कामं पक्की असतील तरच घ्या.

ज्वारीच्या कडब्यासाठी तर मुळीच नको. उपटून पेंढ्या बांधायच्या आणि गंजी लावायची, यापेक्षा चांगली सोय नाही. बेलर लागतो तो हार्वेस्टरने काढलेल्या सोयाबीनच्या, गव्हाच्या काडाला.

ट्रॅक्टर 35 एचपीचा असेल तर छोटा गोल बेलर बघा. चौकोनीला 45-50 एचपी हवेत. त्यातला दट्ट्या ठोके देतो आणि हलका ट्रॅक्टर नुसता हिंदकळतो.

आता गाठ, म्हणजे चौकोनी बेलर गठ्ठ्याच्या सुतळीला मारतो ती. मी आधी जुना चौकोनी बेलर घेतला होता. विकणाऱ्याने अंगणात रिकामा फिरवून दाखवला, मीही भुललो. रानात दर पाचवा गठ्ठा सुटायला लागला. दोन दिवस मी सुतळीलाच दोष देत बसलो. खरं कारण निघालं गाठ मारणाऱ्या चोचीत: धुरळा दाटलेला, आतली कड झिजून गुळगुळीत. रिकाम्या यंत्रात हे कधीच कळत नाही. म्हणून आपल्याच रानात, आपल्याच काडाचे किमान पन्नास गठ्ठे बांधून घ्या. एकेक गठ्ठा सुतळीला धरून उचला, कमरेपर्यंत नेऊन खाली टाका. सुटला तर सौदा थांबवा. आणि चोचीत हात घालण्याआधी पीटीओच (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा फिरता दांडा) नाही, ट्रॅक्टरही बंद करा. यात हयगय नको.

गोल बेलर सुतळी नुसती गुंडाळतो, गाठीची कटकट नाही. पण भर दुपारी सोयाबीनचं काड कडक होऊन तुटतं, त्या तुकड्यांचा गठ्ठा नीट वळत नाही. दव उडाल्यावर लगेच, सकाळीच काम उरका. मात्र मूठभर काड पिळल्यावर ओलसर लागलं तर थांबा. ओला गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो.

प्लॅस्टिकची दोरी वापरत असाल तर वैरण टाकताना ती कापून, मोजून खिशात घाला. गाईच्या पोटात गेली की बाहेर पडत नाही.