डी-२३ घरी बनवताना आदल्या संध्याकाळची तयारी

उद्या सकाळी कृष्णधवल फिल्मचा रोल धुवायचा असेल तर डी-२३ हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, आज संध्याकाळीच बाटलीत हवा. ताजा बनवलेला डेव्हलपर गरम असतो, थोडा गढूळही असतो, आणि तो निवण्याची वाट बघत बसलं की माणूस घाई करतो. बारीक ग्रेनसाठी, म्हणजे फोटोत दिसणारे चांदीचे कण बारीक राहावेत म्हणून, जी काही मेहनत असते, तिच्यातली बरीचशी डेव्हलपिंगच्या टाकीत रोल भरायच्या आधीच संपलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

डी-२३ ची कृती कोडॅकच्या प्रयोगशाळेतून १९४४ साली बाहेर आली आणि तिच्यात पदार्थ दोनच: एक लिटरला ७.५ ग्रॅम मेटॉल (चित्र उमटवणारी पूड) आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट. सल्फाइट इतकं भरपूर असल्यामुळे ते फिल्ममधला चांदीचा क्षार थोडा थोडा विरघळवतं आणि ग्रेन मऊ पडतो. त्यामुळे खरेदी करताना लेबल नीट वाचा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा आपल्या गावातल्या लॅब-केमिकलच्या दुकानात सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड एकाच फळीवर असू शकतात. आपल्याला सल्फाइटच हवं, आणि तेही अ‍ॅनहायड्रस, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेलं. स्फटिकातल्या पाण्यासकट येणारं हेप्टाहायड्रेट मिळालं तर त्याचं वजन बरोबर दुप्पट, म्हणजे २०० ग्रॅम घ्यावं लागतं.

वजनाला स्वयंपाकघरातला काटा सल्फाइटपुरता चालेल, मेटॉलला नाही. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो, तो घ्याच. मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येतं आणि एकदा सुरू झालं की ते दरवेळी उठतं, म्हणून हातमोजे आणि तोंडाला मास्क. पंखा बंद ठेवा, पूड उडते. मोजपात्र, काचेची कांडी, नरसाळं हे सगळं वेगळं ठेवा. यातलं काहीही परत ओट्यावर जाता कामा नये. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, रसायनं मिसळत. घरातल्या घरात हे काम करण्याची परंपरा आपल्याकडे तेवढी जुनी आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पाणी बोअरचं नको. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे पांढरा साका बसतो आणि तो निगेटिव्हवर ठिपक्यांच्या रूपात भेटतो. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर उत्तम.

आता कालवण्याचा क्रम. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. त्यात सल्फाइटची फक्त चिमूट टाका, म्हणजे मेटॉलला हवा लागून ते तपकिरी होणार नाही. मग सगळं मेटॉल घालून सावकाश ढवळा. तळाशी एकही कण दिसेनासा झाला, भांडं उजेडासमोर धरल्यावर द्रव आरपार दिसला, की मगच उरलेलं सल्फाइट चमचा चमचा करत सोडा. सल्फाइट आधी ओतलंत तर त्या दाट द्रावणात मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. भराभर ओतलंत तर तळाशी दगडासारखा गोळा बसतो. शेवटी थंड पाण्याने एक लिटर पूर्ण करा आणि कॉफी फिल्टरमधून गाळा.

जागा वाचवायला हेच दुप्पट दाट बनवून ठेवावं, असं पुष्कळांच्या मनात येतं. नका करू. २० अंशांना १०० मिली पाण्यात सल्फाइट जेमतेम २७ ग्रॅमच्या आसपास विरघळतं. फ्रिजमध्ये ठेवलंत की खडे धरतात, आणि इतक्या सल्फाइटमध्ये मेटॉलही खाली बसू पाहतं. बाजारातले दाट द्रव डेव्हलपर वेगळ्या क्षारांवर किंवा ग्लायकॉलवर चालतात, ते आपल्या दोन पुड्यांतून होणार नाही.

बाटल्या तपकिरी काचेच्या, २५० मिलीच्या चार, काठोकाठ भरलेल्या. अर्ध्या बाटलीतली हवा डेव्हलपर खाते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. लेबलावर नाव आणि तारीख आत्ताच लिहा.

तापमानाचं आधी ठरवून ठेवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून २० अंशांचं पाणी येणार नाही, म्हणून मी २४ धरून चालायला सांगेन. फिल्मच्या डेव्हलपिंग-वेळेच्या तक्त्यात २० अंशांना १० मिनिटं असतील तर २४ ला सुमारे ७ पुरतात. वेळ ५ मिनिटांखाली जात असेल तर डेव्हलपरइतकंच पाणी मिसळून वापरा, वेळ वाढते आणि टाकीत डेव्हलपिंग एकसारखं होतं. ग्रेन मात्र तेवढा मऊ राहत नाही, कडा जरा धारदार येतात. मला त्या आवडतात. असं पाणी मिसळलं की एका रोलच्या ३०० मिली टाकीला १५० मिली स्टॉक (पाणी न मिसळलेला डेव्हलपर) लागतो, म्हणजे लिटरभरात सहा रोल निघतात. पाणी मिसळलेला डेव्हलपर एकदाच वापरायचा आणि ओतून द्यायचा. फिक्सर (डेव्हलपिंगनंतर उरलेला चांदीचा क्षार काढून टाकणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच २४ वर आणायचं आहे, तेव्हा बर्फाच्या पिशव्या आणि मोठं घमेलं रात्रीच तयार ठेवा.

झोपण्याआधी शेवटचं काम. रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच थोड्या डेव्हलपरमध्ये बुडवा; दोन-तीन मिनिटांत तो काळा झाला पाहिजे. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये टाका, तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघा आणि त्याची दुप्पट फिक्सिंगची वेळ म्हणून बाटलीवर लिहून ठेवा.