टॅक्टिकल दिसणारी पॉइंट टू-टू घेताय? या चुका टाळा

पॉइंट टू-टू म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाची गोळी. तिचं पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. साधारण अडीच ग्रॅम शिसं, मागे चिमूटभर दारू आणि बुडाच्या कडेत भरलेला, ठोक्याने पेटणारा मसाला. घोडा दाबला की पिन त्या कडेवर आपटते, म्हणून हे रिमफायर. रायफलीला लाकडी दस्ता असो नाहीतर लष्करी थाटाचा काळा सांगाडा, नळीतून बाहेर पडते ती हीच गोळी. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्रॉन्झ मिळवलं तेही याच काडतुसावर. त्यानंतर रेंजवर नवी मुलं खूप येऊ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातले निम्मे जण मोबाईलवर एखादी काळी रायफल उघडून विचारतात, "सर, ही मिळेल का?" चुकांची सुरुवात तिथूनच होते.

रूप आधी, खांदा नंतर

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीचा एक मुलगा आमच्याकडे आला. शिकलेला, कमावता, वागायला नम्र. परवाना हातात आल्या आल्या त्याने जुनी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढची आपोआप भरणारी, पॉइंट टू-टू विकत घेतली. मूळ लाकडी दस्ता काढून काळा सांगाडा बसवला, पुढे चारही बाजूंनी रेल (जोडसामान अडकवायच्या पट्ट्या), खाली बाईपॉड (दोन पायांचा टेकू), वर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) आणि बाजूला टॉर्च. उघड्या रेंजवर सकाळी नऊ वाजता टॉर्च कशाला, असं मी विचारलं. "सेटमध्ये आला होता," म्हणाला.

उभं राहून २५ मीटरवर नेम धरायला लागला. सगळं वजन पुढे, त्यामुळे दहाव्या-बाराव्या गोळीपासून डावा हात थरथरायला लागला आणि छिद्रं टार्गेटच्या खालच्या कडेकडे सरकत गेली. त्यात दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला रायफल अडकायची. त्याने दुकानातून 'चांगली' म्हणून मॅचची, म्हणजे स्पर्धेची, कमी वेगाची काडतुसं आणली होती. सेमी-ऑटोचा बोल्ट गोळीच्या धक्क्यानेच मागे जातो. धक्का कमी पडला की रिकामं टरफल अर्धवट बाहेर येऊन तिथेच चिमटतं. तिसऱ्यांदा अडकल्यावर तो बोल्टच्या मुठीवर तळहाताने दणके मारायला लागला आणि त्या भरात नळी बाजूच्या लेनकडे वळली. मी ओरडून त्याला थांबवलं, मॅगझिन काढायला लावलं, रायफल खाली ठेवायला लावली. नंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

मग त्याला क्लबची जुनी ब्रनो रायफल दिली. बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा), पाच गोळ्यांचं मॅगझिन, घासून गुळगुळीत झालेला लाकडी दस्ता. वाळूच्या पिशवीवर टेकवून, पालथं झोपून पाच गोळ्या. पाचही छिद्रं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. रेल, टॉर्च, बाईपॉड पुढच्या महिन्यात उतरले. आज तो चांगला मारतो.

माझी पद्धत साधी आहे. रायफल घेण्याआधी क्लबच्या दोन-तीन वेगवेगळ्या रायफलींवर निदान तीन महिने मारा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. साइट आपोआप डोळ्यासमोर आली तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. मान वाकवावी किंवा ताणावी लागली तर नाही. टॅक्टिकल धाटणीत एक गोष्ट खरोखर कामाची असते, मागेपुढे सरकणारा दस्ता. क्लबमध्ये उंच मुलगा आणि ठेंगणी मुलगी एकच रायफल वापरतात, तेव्हा त्याचं मोल कळतं. त्या एका गोष्टीसाठी ही धाटणी घ्यायला माझी हरकत नाही.

परदेशी व्हिडिओ बघून यादी करणं

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ व्हिडिओत छान दिसते. वरचं-खालचं अंग पॉलिमरचं, वजन अडीच किलोच्या आसपास, मॅगझिन २५ गोळ्यांचं. पण आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला बंदूक आयात करता येत नाही. ती सवलत ठरावीक दर्जाच्या नेमबाजांना आहे. तुमच्या हाती येणार ती देशी रायफल किंवा कुणाकडून तरी फिरत आलेली जुनी परदेशी. म्हणून जुनी रायफल पारखायला शिका: नळीत उजेड धरून बघा, तोंडाच्या कडेला टवका नाही ना ते बघा, बोल्ट हलवून बघा. एखादी रायफल परवान्यात बसते की नाही हे पैसे देण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. विक्रेत्याच्या तोंडी "चालतंय हो" वर जाऊ नका.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाच्या सरावासाठी पॉइंट टू-टूचा वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे आधी क्लब, मग परवाना, मग रायफल हाच क्रम ठेवा. अंजली भागवत घडल्या ती वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन मुंबईतच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यातली एक जागा दिसण्यापायी घालवू नका. काडतुसांचीही वर्षाची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. भराभर २५ गोळ्या उडवण्यात ती कधी संपते ते कळत नाही, आणि उरलेलं वर्ष हात चोळत बसावं लागतं.

फोमच्या पेटीत पावसाळा

ही चूक बघितली की मला खरंच वाईट वाटतं. माहीमच्या एका मुलीकडे वडिलांची रायफल आली. जूनच्या पहिल्या पावसात ती रेंजवरून घरी गेली, रायफल वरवर पुसली, फोमच्या पेटीत घातली आणि पेटी दिवाणाखाली सरकवली. उघडली ती गणपतीनंतर. फोम जिथे जिथे टेकला होता तिथे तांबूस ठिपके, आणि नळीवर चार बोटांचे ठसे, गंजाचे. पेटीत ठेवताना तिने नळी जिथे धरली होती, बरोबर तिथे. घामातल्या मिठाने एवढं केलं. ठसे निघाले, पण त्याखालचा निळसर मुलामा गेला तो गेलाच. वडिलांची वस्तू होती, ती रडवेली झाली.

पॉलिमरच्या रायफलीला हे होत नाही असं समजू नका. आत नळी आणि बोल्ट पोलादीच असतात. फोम ओलावा धरून ठेवतो, म्हणून पेटी फक्त प्रवासासाठी. माझी रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात उभी असते, सुती कापडाच्या पिशवीत, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करतो. जून ते सप्टेंबर, मारलं असो वा नसो, दर रविवारी तेलाचा बोळा फिरवतो. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका. ते थंडीत गोठतं.

आणखी काही

सांगाड्यावर उंच बसवलेला स्कोप (नेमाची दुर्बीण) नळीपासून सहा-सात सेंटिमीटर वर जातो. ५० मीटरवर झीरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम जुळवलेली, रायफल मग १० मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर खाली मारते आणि १०० मीटरवर वीतभर खाली. नळीला दोष देण्याआधी हे आठवा.

रिकाम्या चेंबरवर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा मोकळी असताना, घोडा दाबत बसू नका. रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडू शकते.

नळी शक्यतो मागून साफ करा. पुढून घातलेली सळई तोंडाची कड झिजवते, आणि नेम त्या कडेवर ठरतो.

एकाच काडतुसाला चिकटून राहू नका. तीन-चार प्रकारच्या पाच-पाच गोळ्या एकाच कागदावर मारून बघा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते.

घोडा दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून सावकाश तीस मोजा, मगच बोल्ट उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर हात तिथेच थांबवा, मागे किती जण रांगेत आहेत ते बघू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, आणि सळई आरपार जाईपर्यंत पुढचं काडतूस हातात घेऊ नका.