‘लावून तर बघू’ म्हणू नका: जुन्या बॅकअप टेपा वाचताना या चुका टाळा

१९९०च्या दशकात ज्या पतसंस्थेकडे, कारखान्याकडे किंवा बंदरावरच्या एजंटाच्या कचेरीत युनिक्सचं मशीन होतं, तिथे बॅकअपच्या टेपाही होत्या. आज त्या लोखंडी कपाटाच्या तळाशी नाहीतर पोटमाळ्यावर सापडतात. अचानक कुणाला तरी जुनं कर्जखातं हवं असतं. मग टेप वाचणारा सेकंडहँड ड्राइव्ह मागवला जातो, आणि तो आला की खोक्यातून काढता काढता कुणीतरी म्हणतंच, “लावून तर बघू.” कोकणातल्या दमट हवेनं जेवढ्या टेपा खाल्ल्या नसतील, तेवढ्या या वाक्यानं खाल्ल्या आहेत. जुनी टेप नीट वाचण्याची सर्वात चांगली संधी पहिल्या वेळीच असते. पुढच्या प्रत्येक फेरीत फितीवरचा थर थोडा झिजतो, थोडा खरवडला जातो.

भर पावसात टेप फिरवणं

जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा बाइंडर ओलावा शोषतो, चिकट होतो आणि हेडवर, म्हणजे ड्राइव्हच्या फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी लेप सोडतो. काम शक्य असेल तर दिवाळीनंतर करा. कोर्टाची तारीख पावसाळ्यातच असेल तर आधी टेप सुकवा. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक साधा हायग्रोमीटर. डब्यातली आर्द्रता ४०-४५ टक्क्यांवर आली म्हणजे काम झालं असं नाही. गच्च गुंडाळलेली फीत आतला ओलावा हळूहळू सोडते, त्यामुळे दोन-तीन आठवडे धरूनच चाला. निळं जेल गुलाबी झालं की बदला. वाचण्याआधी टेप आणि ड्राइव्ह एकाच खोलीत २४ तास राहू द्या.

तांदळाच्या डब्यात टेप पुरून ठेवू नका, तांदळाची पूड थेट हेडवर जाते. खळ्यात आमसुलांसारखी उन्हात वाळत घालणं तर त्याहून वाईट. आणि “ओव्हनमध्ये ५४ अंशांवर भाजा” हा नेटवरचा उपाय मोठ्या रिळांच्या ठरावीक बाइंडरसाठी, तापमान काटेकोर राखणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये करायचा आहे. डॅटच्या (अरुंद फितीच्या, छोट्या) कार्ट्रिजसाठी नाही आणि केक भाजायच्या ओव्हनमध्ये तर नाहीच. घाई असलेल्यांना हाच उपाय सगळ्यात जास्त का आवडतो, देव जाणे.

पुरात भिजलेल्या टेपेचं प्रकरण उलट आहे. वाशिष्ठीचं किंवा सावित्रीचं गढूळ पाणी आत गेलं असेल तर टेप घरी वाळवू नका. गाळ वाळला की फितीचे थर एकमेकांना चिकटतात. डिस्टिल्ड वॉटरनं हलकेच धुवा, ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि लगेच डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा. हेअर ड्रायर लांब ठेवा.

पाव इंची कार्ट्रिज आणि तिचा पट्टा

सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते, म्हणून हे जरा सविस्तर.

डीसी ६००, डीसी ६१५० या जाड, धातूच्या तळाच्या कार्ट्रिज. यांच्या आत फितीची दोन्ही रिळं फिरवणारा एक रबरी पट्टा असतो. तीस वर्षांत तो ढिला पडतो किंवा कडक होऊन तुटतो, आणि जिथे फितीला टेकून बसलेला असतो तिथे तिला चिकटतो. फिरायला लागला की थर ओरबाडून घेतो. ड्राइव्हच्या बाजूनेही धोका आहेच. तिथला रबराचा रोलर कालांतराने विरघळून डिंकासारखा होतो. वर आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: या कार्ट्रिजमध्ये फितीची टोकं रिळांना बांधलेलीच नसतात. टोक जवळ आल्याचं ड्राइव्हला कळतं ते फितीतल्या भोकांतून जाणाऱ्या प्रकाशावरून. तो सेन्सर धुळीनं झाकला असेल तर मोटर थांबत नाही आणि फीत रिळावरून सुटते.

एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांची गोष्ट. डीसी ६१५०च्या दोन कार्ट्रिज, दोन्हींवर तोच बॅकअप, म्हणजे नशीब जोरावर. महिना जुलै. सेकंडहँड ड्राइव्ह आला, जोडणाऱ्यानं जुनं मॅन्युअल वाचलं. त्यात लिहिलं होतं की आधी टेप ‘रीटेन्शन’ करा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगात पळवून ताण सारखा करा. नव्या टेपेसाठी सल्ला योग्यच. पण इथे अर्ध्या वाटेत पट्टा तुटला आणि फीत सैल पडून कार्ट्रिजच्या आत चुरगळली. इथवर निभावलं असतं. पण त्यानं तासाभरातच दुसरी कार्ट्रिज त्याच ड्राइव्हमध्ये घातली. रोलर तोवर चिकट झालेला होता, तो घसरला, अडखळला आणि दुसऱ्या फितीवरही सुरकुत्या पडल्या. पुढे तिसऱ्याच एका कार्ट्रिजमधला पट्टा घालून बरंचसं वाचता आलं, पण सगळं नाही. डीसी ६१५०वर १८ ट्रॅक, म्हणजे डेटाच्या समांतर ओळी, असतात आणि ड्राइव्ह ते नागमोडी, पुढे-मागे जात वाचतो. त्यामुळे फितीवर एका जागी पडलेली सुरकुती १८ ट्रॅकमध्ये भोकं पाडते. कर्जदारांच्या यादीत शेवटपर्यंत ठरावीक अंतरानं गाळलेल्या जागा राहिल्या.

त्यामुळे क्रम असा ठेवा. ड्राइव्ह उघडा, रोलरला नख लावून बघा. नखाचा ठसा उमटला किंवा काळं लागलं तर जुनं रबर पूर्ण काढा आणि त्याच बाहेरच्या व्यासाची रबरी नळी बसवा. व्यास कॅलिपरनं मोजा, अंदाजानं नाही. हेड आणि सेन्सर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. मग बिनकामाच्या कार्ट्रिजवर लिहून, वाचून ड्राइव्ह तपासा. खऱ्या कार्ट्रिजचा तळ स्क्रू काढून उघडा, फीत जागची न हलवता जुना पट्टा काढा आणि त्याच आकाराच्या, कमी जुन्या कार्ट्रिजमधला घाला. रीटेन्शन त्यानंतर. आणि एका ड्राइव्हनं पहिली प्रत खाल्ली असेल, तर कारण सापडेपर्यंत दुसरी प्रत कपाटातच राहू द्या.

लिखाणबंदी न करणं

टेप हातात आली की आधी हेच. डीसी कार्ट्रिजवरचा बाण ‘सेफ’कडे वळवा. डॅटवर खिडकी उघडी ठेवा. डीएलटी या कार्ट्रिजवर केशरी खूण दिसली पाहिजे. विंडोजचं एखादं बॅकअप सॉफ्टवेअर अनोळखी टेप बघून ‘तयार करू का?’ असं साळसूदपणे विचारतं आणि नवशिका ‘हो’ दाबतो. टेपेच्या सुरुवातीला चार ओळी जरी लिहिल्या, तरी त्यांच्यामागे ‘डेटा संपला’ अशी खूण पडते. पुढे कितीही डेटा शाबूत असला तरी साधा ड्राइव्ह त्या खुणेपलीकडे जात नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पिढ्या न बघता ड्राइव्ह घेणं. एलटीओ या प्रकारात एलटीओ-४ ड्राइव्ह एलटीओ-२ टेप वाचतो, एलटीओ-५ ड्राइव्ह ती वाचत नाही. डॅट-७२ ड्राइव्ह डीडीएस-३ आणि ४ (डॅटच्याच आधीच्या पिढ्या) वाचतो, डीडीएस-२ नाही.

स्कझी (ड्राइव्ह संगणकाला जोडण्याची जुनी पद्धत) यातला एचव्हीडी, म्हणजे जास्त व्होल्टेजचा, ड्राइव्ह साध्या कार्डाला जोडणं. प्लग बसतो, पण विजेचे संकेत वेगळे असतात. ड्राइव्हच्या मागचं चिन्ह वाचा. टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा जोड) केबलच्या दोन्ही टोकांना लावा.

जुना ड्राइव्ह भंगारवाल्याला देणं. डॅटमध्ये हेड जरा तिरका असलेल्या ड्राइव्हनं लिहिलेली टेप कधीकधी त्याच ड्राइव्हला वाचता येते.

यूपीएसशिवाय काम करणं. लाइट गेली की डॅटची फीत फिरत्या हेडच्या ड्रमभोवती गुंडाळलेलीच अडकते.

डॅटच्या फिरत्या हेडवर कापसाची काडी फिरवणं. धागा अडकला तर हेड गेलं.

पहिली फाइल मिळाली की थांबणं

लिनक्सवर ‘एसटी’ नावाचं उपकरण वापरलंत तर प्रत्येक वाचनानंतर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. ‘एनएसटी’ वापरा. एका टेपेवर अनेक बॅकअप एकामागोमाग असतात, मध्ये फक्त फाइलची खूण असते. ‘डीडी’ (डेटा जसाच्या तसा उतरवणारी आज्ञा) त्या खुणेवर थांबतो आणि नवशिके तिथेच चहाला उठतात. पुढची फाइल वेगळ्या नावानं वाचा, मग त्यापुढची, आणि रिकामी फाइल येईपर्यंत थांबू नका. ब्लॉकचा, म्हणजे एका दमात लिहिलेल्या तुकड्याचा, आकार माहीत नसेल तर डॅटवर टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ या आज्ञेनं तो शून्यावर ठेवा आणि २५६ केबीची मर्यादा देऊन एकच ब्लॉक वाचा. मिळालेल्या फाइलचा आकार हाच ब्लॉकचा आकार. ‘टार’ या बॅकअप प्रोग्रॅमचा बहुधा १०,२४० बाइट निघतो. डीसी ६१५०चे ब्लॉक ठरलेले, ५१२ बाइटचे. आधी सगळं जसंच्या तसं उतरवा, उलगडायचं काम नंतर त्या प्रतीवर करा.

मराठी दिसत नाही म्हणून टेप खराब ठरवणं

हे बघून खरंच वैताग येतो. डेटाबेस उघडतो, रकमा आणि तारखा बरोबर, इंग्रजी नावं बरोबर, फक्त मराठीच्या रकान्यात युरोपी अक्षरांचा गिचमिडा. “करप्ट झालंय” म्हणून टेप परत कपाटात जाते. टेप खराब असती तर आकड्यांनाही फटका बसला असता. हा बहुधा इस्कीतला (भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतातला) मजकूर आहे, सी-डॅकच्या जिस्ट (संगणकात भारतीय लिप्या आणणाऱ्या) कार्डावर टाइप केलेला. इस्कीत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १२७पर्यंत आणि देवनागरीचे १६१पासून पुढे. ‘क’ म्हणजे १७९. युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली असल्यामुळे रूपांतराचा तक्ता छोटा आहे, फक्त नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि लागोपाठचे दोन हलंत वेगळे हाताळावे लागतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत इस्की-९१चं रूपांतर आधीपासून आहे.

विंडोजच्या काळातला मजकूर असेल तर तो बहुधा एखाद्या फाँटच्या संकेतात असतो. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, आणि प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. तो फाँट शोधायला बाजारात जाण्याआधी त्याच टेपेवरचा विंडोजचा फाँट्स फोल्डर उघडून बघा. पूर्ण मशीनचा बॅकअप घेतलेला असेल तर तो तिथेच असतो.