मध्यस्थीला बसण्यापूर्वी: घर, कर्ज आणि दागिन्यांचा हिशेब

लग्नानंतर मिळवलेल्या सगळ्या मालमत्तेचा निम्मा वाटा कायद्यानेच मिळतो, अशी समजूत घेऊन पुष्कळ जण घटस्फोटाच्या मध्यस्थीला येतात आणि त्या एका समजुतीपायी पहिली बैठक वाया जाते. विवाहानंतरच्या मालमत्तेवर पती-पत्नीचा सामाईक हक्क मानणारा कायदा गोव्यात आहे. महाराष्ट्रात तो नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 नागपुरातील बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो, पण त्याचे कलम 27 न्यायालयाला लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या व दोघांच्या सामाईक असू शकणाऱ्या मालमत्तेपुरतीच तरतूद करू देते. बाकी ठिकाणी नाव कोणाचे, पैसे कोणी भरले आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर, हेच विचारले जाते. तयारीही याच तीन प्रश्नांची करावी.

मध्यस्थ हा न्यायाधीश नसतो. तो निकाल देत नाही, कोण चुकले हे ठरवत नाही, आणि त्याच्यासमोर झालेले बोलणे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे "आठ लाखांत मी तयार होईन" असे तिथे म्हटल्याने उद्या खटल्यात तोटा होईल, ही भीती बाळगू नये. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकाची भेट ही वेगळी पायरी आहे. तिथे संसार सावरण्याचाही विचार होतो, तर मालमत्तेच्या मध्यस्थीत आकडे आणि कागद लागतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवा मागता येते, हे अजूनही फार थोड्या बायकांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बैठकीआधी निदान तीन आठवडे एक वही घालावी. प्रत्येक मालमत्तेपुढे नाव, पैसे भरल्याचा पुरावा, शिल्लक कर्ज आणि आजची किंमत लिहावी. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांच्या शपथपत्राचा नमुना ठरवून दिला आहे. तोच समोर ठेवून वही भरली तर सहसा काही सुटत नाही. स्वतःच्या नावावरचे काही लपवू नये. लपवलेली एक मुदत ठेव उघड झाली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

सर्वांत जास्त वेळ घराला द्यावा. नागपुरात घराचे कागद एकाच ठिकाणी मिळत नाहीत. खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) नोंदणी कार्यालयाकडून, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नगर भूमापन कार्यालयातून, आणि जुन्या अनधिकृत लेआउटमधला प्लॉट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) नियमितीकरणाचे पत्र, ज्याला आपण सारे आरएल म्हणतो, हे सगळे आधीच गोळा करावे. जागा नासुप्रच्या किंवा नझूलच्या (शहरातील सरकारी जमिनीच्या) भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरणाच्या अटी वाचाव्यात, कारण त्या अटी ध्यानात न घेता केलेली वाटणी कागदावरच राहू शकते.

समजा, मनीषनगरातल्या फ्लॅटची आजची किंमत 52 लाख आहे आणि कर्ज 21 लाख शिल्लक आहे. तर वाटाघाट 31 लाखांची आहे, 52 लाखांची नाही. आता पत्नीने सुरुवातीला 6 लाख भरले असतील आणि हप्ते पतीच्या पगारातून गेले असतील, तर दोघांच्या बँकेच्या उताऱ्यांतून त्या रकमा दाखवता आल्या पाहिजेत. किमतीवरून वाद होणार असेल तर दोघांनी मिळून एकच मूल्यांकनकार नेमावा. दोन बाजूंचे दोन अहवाल आले की भांडण आणखी वाढते. शिवाय, "हप्ते यापुढे तो भरेल" असे तडजोडीत लिहिले तरी बँक त्याने बांधली जात नाही. सहकर्जदार म्हणून आपली सही असेल तर हप्ता थकल्यावर बँक आपल्यालाही धरते. म्हणून एकाचे नाव कर्जातून वगळायला बँक तयार आहे का, दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारावर ते कर्ज बसते का, हे शाखेत जाऊन बैठकीपूर्वीच विचारावे.

दागिन्यांचा विषय मनाला फार लागतो. स्त्रीधन पतीच्या किंवा सासरच्या ताब्यात असले तरी ते पत्नीचेच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी प्रकरणात 1985 मध्ये स्पष्ट केले. लग्नाचे फोटो, इतवारीतल्या सराफाच्या पावत्या आणि लॉकर उघडल्याच्या नोंदी एकत्र कराव्यात. मागणी रुपयांत न करता वस्तू आणि ग्रॅम यांत करावी, कारण सोन्याचा भाव बैठकीगणिक बदलतो.

सासऱ्यांच्या नावावरची काटोलची संत्र्याची बाग या वाटणीत येत नाही. तिच्यावर बैठका घालवू नयेत. सासरच्या घरात राहण्याचा हक्क मात्र वेगळा आहे. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालील सामायिक घर नातेवाइकांच्या मालकीचेही असू शकते, असे 2020 च्या सतीशचंदर आहुजा निकालात म्हटले आहे. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि मुदत ठेवींची शिल्लक नोंदवून वारसनोंदी (नॉमिनी) तपासाव्यात, एवढे पुरे.

बैठकीला जाताना एक नव्हे, दोन प्रस्ताव लिहून न्यावेत: एक घर ठेवण्याचा, दुसरा घर सोडून रक्कम घेण्याचा. दोन्हींसमोर आपला महिन्याचा खर्च मांडून पाहावा. आठवणींपोटी ठेवलेले घर हप्त्यांमुळे दोन वर्षांत विकावे लागणार असेल, तर ते आजच सोडणे माझ्या मते शहाणपणाचे आहे.

तडजोड झाली की मसुद्यात प्रत्येक गोष्ट कोण, कोणत्या तारखेपर्यंत करील आणि न केल्यास काय, हे लिहून घ्यावे. घराच्या हस्तांतरणाची वेळ तर फार जपून ठरवावी. महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ते नातेच उरत नाही आणि ही सवलत धरून चालता येत नाही. उलट, फार आधी नाव बदलून दिले आणि समोरच्याने घटस्फोटाची संमती मागे घेतली, तर घर गेलेले असते. म्हणून संमतीच्या अटी न्यायालयात दाखल झाल्यानंतर आणि अंतिम हुकूमनाम्यापूर्वी बक्षीसपत्राची नोंदणी व्हावी, बँकेचे ना-हरकत पत्र त्या दिवशी हातात असावे आणि ठरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट त्याच वेळी दिला-घेतला जावा, असा क्रम मसुद्यातच तारखांसह लिहावा.