परदेशात क्रेडिट कार्डाने रोख काढताय?

शक्यतो काढूच नका. खरेदीवर व्याजमुक्त मुदत मिळते, रोख रकमेवर सहसा मिळत नाही. नोटा हातात पडल्या त्या दिवसापासून व्याजाचं मीटर सुरू. त्यात रोख काढण्याचं शुल्क, परकीय चलनाचा अधिभार आणि बऱ्याचदा त्या एटीएमचं स्वतःचं भाडं. म्हणजे रोख लागणारच असेल तर डेबिट किंवा प्रीपेड ट्रॅव्हल कार्ड बरं.

तरीही वेळ आलीच, तर स्क्रीनकडे नीट बघा. एटीएम मोठ्या आपुलकीने विचारतं, ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम वळती करू का?’ तिथे ‘नाही’च दाबा, स्थानिक चलन निवडा. वळती करायला नकार दिला म्हणून व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात. फक्त मशीनचा चढा दर टळतो.

थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा, कारण किमान शुल्क दर वेळी लागतं. आणि बिलाची वाट न पाहता, व्यवहार खात्यावर दिसला की त्याच दिवशी ॲपवरून पैसे भरून टाका. पिन आणि रोख मर्यादा मात्र निघण्याआधीच तपासा. ही मर्यादा एकूण क्रेडिट मर्यादेपेक्षा बरीच कमी असते.